कुणी पुढं ढकललं?

केटी ‘लागते’. बॅक ‘राहतो’. गॅप ‘पडतो’. ड्रॉप मात्र ‘घेतात’. प्रोजेक्ट होल्डवर ‘जातो’, परीक्षा पोस्टपोन ‘होते’, अर्ज पेंडिंग ‘असतो’ आणि सेटबॅक ‘बसतो’, तोही थोबाडीत बसावा तसा.

खोळंब्याचे, अपयशाचे, लांबणीचे हे सगळे शब्द आपण इंग्रजीतून उचलले. त्यांना जोडलेली क्रियापदं मात्र आपली आहेत. नाम उसनं, क्रियापद घरचं. आणि बोलणाऱ्याच्या मनातलं बऱ्याचदा त्या घरच्या क्रियापदातच सापडतं. केटी ‘लागते’ म्हणजे ठेच लागते तशी, नजर लागते तशी. आपण चालत होतो आणि ती लागली. ड्रॉप ‘घेतात’ म्हणजे रजा घ्यावी तसा, स्वतःच्या मर्जीनं. पेंडिंग मात्र नुसतं ‘असतं’. डोंगर असतो, नदी असते, तसं. ते तसं कुणी केलं, हा प्रश्न त्या वाक्यात शिरतच नाही.

मी चौदा महिने अशा एका ‘असतं’च्या आत राहिले. हातात ऑफर लेटर होतं आणि नोकरी नव्हती. दुसरं काही करण्यासारखं नसलं की माणूस शब्दांकडे बघत बसतो. मीही बसले. त्यातून जे दिसलं, ते इथे लिहिते आहे.

•

आधी या शब्दांची बाजू घेते, कारण त्यांनी माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना सांभाळलं आहे.

एटीकेटी म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’. टर्म ‘ठेवणं’ ही जुनी इंग्रजी परिभाषा. बॅरिस्टर व्हायला लंडनला गेलेल्या गांधीजींनी आत्मकथेत याचं वर्णन केलं आहे. तिथे टर्म ठेवायची म्हणजे जेवणांना हजर राहायचं, दर सत्रात साधारण चोवीसपैकी किमान सहा! एटीकेटी ही मुळात परवानगी आहे. विषय राहिलाय, तरी पुढच्या वर्गात बस. मुंबईत तिची ‘केटी’ झाली आणि ती आजारासारखी लागायला लागली.

आमच्या पुण्यात तिलाच ‘बॅक’ म्हणतात, बॅकलॉगमधला बॅक. इंग्रजीत बॅकलॉग म्हणजे आधी खरोखरचं लाकूड होतं. शेकोटीत सगळ्यात मागे ठेवलेला जाड ओंडका, रात्रभर धुमसून आग टिकवणारा. पुढे त्याचा अर्थ राखीव साठा असा झाला आणि मग साचलेलं काम. माझ्या रूममेटचा एम-थ्री तीन सेमिस्टर असाच धुमसत होता.

पण ‘बॅक’ आणि ‘नापास’ यांतला फरक बघा. नापास माणूस होतो. ‘ती नापास झाली.’ वाक्याचा कर्ता ती. बॅक मात्र विषय राहतो. ‘तिचा एम-थ्री राहिलाय.’ कर्ता एम-थ्री. ती बाजूला उभी आहे, एका विषयाची मालकीण असल्यासारखी. घरी फोनवर हे दुसरं वाक्य बोलता येतं. पहिलं बोलताना आवाज फुटत नाही.

माझा मावसभाऊ बारावीनंतर लातुरात रिपीटर बॅचला होता. नीटसाठी. आमच्या आजोळी पूर्वी अशा पोराला ‘परत बसलाय’ म्हणायचे, आणि त्या ‘परत’मध्ये वाड्यातल्या सगळ्यांचा सुस्कारा असायचा. मावशी मात्र सांगायची, “त्यानं ड्रॉप घेतलाय.” ताठ मानेनं सांगायची. जणू पोरगा विचार करून, सल्ला घेऊन, एका मोठ्या कामासाठी एक वर्ष बाजूला काढून बसला आहे. आणि खरं सांगायचं तर तो तसाच बसला होता. तेव्हा ‘ड्रॉप घेतला’ हे ‘परत बसला’पेक्षा जास्त खरं होतं. ‘परत बसला’मध्ये फक्त लोक काय म्हणतील ते होतं.

म्हणून ‘मराठी बिघडली हो’ छापाचा हा लेख नाही. आपल्या भाषेत अपयशाचे बरेच शब्द थेट माणसाच्या अंगावर येतात. वाया गेला, बुडाला, गळपटला, घोडं अडलं, दिवे लावले. जिथे लाज फार स्वस्तात वाटली जाते, तिथे एखादा परका, थंड, बिनओळखीचा शब्द पांघरूण म्हणून बरा असतो. आम्ही ते पांघरूण घेतलं, यात वाईट काही नाही.

प्रश्न वेगळाच आहे. तेच पांघरूण आणखी कोण कोण घेतं?

•

मी मूळची लातूर जिल्ह्यातली. घरी साडेचार एकर रान, सोयाबीन आणि तूर. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, २०१८ ते २०२२. त्यातलं बरंचसं कोविडमुळे गावातच, मोबाइलवर, लिंबाच्या झाडाखाली. शेवटच्या वर्षात कॅम्पसमधून नोकरी लागली. कंपनी मोठी. पॅकेज साडेतीन लाखांचं. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. जॉइनिंग १ ऑगस्ट २०२२ असं ठरलं होतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मेल आला. युअर ऑनबोर्डिंग हॅज बीन डिफर्ड. कारण लिहिलं होतं बिझनेस रिक्वायरमेंट्स. खाली आभार होते, माझ्या संयमाबद्दल. संयम मी अजून दाखवलाही नव्हता, पण आभार आधीच मानून झाले होते.

अप्पा ओसरीवर चहा पीत होते. मी सांगितलं.

“डिफर म्हंजी काय, माय?”

“पुढं ढकललंय, अप्पा.”

“कुणी?”

मी मेल पुन्हा वाचला. वर लोगो होता. खाली ‘टीम टॅलेंट’ अशी सही होती. मधल्या सगळ्या वाक्यांत कुणीच नव्हतं.

“तसं काही लिहिलेलं नाही. ढकलण्यात आलंय, एवढंच.”

“आपोआप?”

अप्पा चिडून विचारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. ज्या वाक्यात काहीतरी ढकललं जातं, त्यात ढकलणारा असणार, एवढं साधं त्यांचं व्याकरण होतं. आणि ते बरोबर होतं.

पुढच्या वर्षभरात असे आणखी सात मेल आले. रीशेड्यूल्ड. ऑन होल्ड. अंडर रिव्ह्यू. टेंटेटिव्ह. प्रत्येक मेल नीट, सभ्य, चुका नसलेल्या इंग्रजीत. मी दोनदा उत्तर लिहून विचारलं की हा निर्णय कोण घेतं आणि अंदाजे कधीपर्यंत. दोन्ही वेळा एका मिनिटात उत्तर आलं की तुमचा प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचला आहे. एका मिनिटात उत्तर येतं तेव्हा ते माणसाचं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

गंमत म्हणजे आमच्याकडून जे हवं असायचं, त्याला डेडलाइन असायची. अमुक कागद ४८ तासांत अपलोड करा, नाहीतर ऑफर लॅप्स होईल. डेडलाइन हा शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या तुरुंगांतला आहे. १८६४ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल इथे कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. म्हणून ती ‘डेड लाइन’. ती कैद्यांसाठी होती. पहारेकरी वाटेल तिथे फिरू शकत होते. आमच्या मेलमध्ये आमच्या तारखा डेडलाइन होत्या आणि कंपनीच्या तारखा टेंटेटिव्ह.

•

त्याच काळात आमच्या घरात आणखी कुणाची तरी वाट पाहिली जात होती. पावसाची.

२०२३ चा जून आठवतोय का? केरळात एरवी १ जूनच्या सुमारास येणारा मान्सून ८ जूनला आला. ११ जूनला तळकोकणात पोहोचला आणि तिथेच रेंगाळला. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होतं. मग २५ जूनला तो मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी दाखल झाला. असं याआधी १९६१ मध्ये झालं होतं.

टीव्हीवर ‘मान्सून डिले’ अशी पट्टी फिरत होती. पण आमच्या गावात पाऊस डिले झाला असं कुणी म्हटलं नाही. पावसानं ओढ दिली, म्हणाले. दडी मारली, हुलकावणी दिली, ताण दिला, डोळे वटारले. मृग कोरडा गेला तेव्हा शेजारचे काका म्हणाले, “मृगानं फसवलं औंदा.” वाक्यामागून वाक्य, आणि प्रत्येकात पाऊस काहीतरी करतोय. लपतोय, खेळवतोय, रागावतोय.

हे अडाणीपणाचं नाही. अप्पा हवामान खात्याचा अंदाज रोज मोबाइलवर बघतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही, हा कृषी विभागाचा सल्ला त्यांना पाठ आहे, आणि वाफसा आल्याशिवाय ते तिफण जुंपत नाहीत. वादळामुळे पाऊस अडला हे त्यांना माहीत होतं. तरी बोलताना ते पावसाला कर्ता करतात. कारण कर्ता असला की त्याच्याशी भांडता येतं. त्याला शिवी घालता येते, विनवता येतं, पारावर बसून चारचौघांत त्याची तक्रार करता येते. आणि तो आला की त्याला माफही करता येतं.

माझ्या मेलमध्ये शिवी घालायलासुद्धा कुणी नव्हतं. मग मी ती कुणाला घालत होते? रात्री झोप न येताना हळूहळू कळलं की स्वतःलाच. कर्त्याची जागा रिकामी ठेवली की ती रिकामी राहत नाही. जो सगळ्यात जवळ असतो, तो तिथे जाऊन बसतो. माझे मार्क कमी पडले असतील. इंटरव्ह्यूत मी काहीतरी बोलले असेन. दुसरी कंपनी धरायला हवी होती. यातलं एकही कारण खरं नव्हतं. आमच्या कॉलेजच्या बॅचमधल्या चाळीसएक जणांना तोच मेल आला होता, टॉपरलाही आला होता. पण चाळीस जण चाळीस गावांत आपापल्या खोलीत बसून स्वतःलाच दोष देत होते.

•

मराठीत खोळंब्याच्या म्हणी बघितल्या तर एक गोष्ट लक्षात येते. आपण लगेच आरोपी शोधतो, मग तो कितीही फालतू असो. काम अडलं की ‘माशी कुठे शिंकली?’ नाहीतर ‘घोडं कुठे पेंड खातंय?’ प्रकरण रखडलं की त्याचं ‘भिजत घोंगडं’ होतं, आणि घोंगडं काही स्वतः उठून पाण्यात जात नाही. कुणीतरी भिजत टाकलं आणि पिळायला विसरलं. फायली ‘बासनात गुंडाळल्या’ जातात, त्यालाही हात लागतात. ‘खो घातला’, ‘फाटे फोडले’, ‘टोलवाटोलवी केली’, ‘चालढकल केली’. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आहे.

पण म्हणजे मराठी प्रामाणिक आणि इंग्रजी लबाड, असा निष्कर्ष काढायची घाई नको. कचेरीतली मराठी वाचून बघा. ‘सदर प्रकरणी कार्यवाही करण्यात येत आहे.’ ‘प्रस्ताव विचाराधीन आहे.’ ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ यात तरी कुठे माणूस आहे? ‘हॅज बीन डिफर्ड’ आणि ‘पुढे ढकलण्यात आले आहे’ ही एकाच साच्यातली वाक्यं. भाषा कोणतीही असो, खुर्चीवरून बोलताना कर्ता आधी गळतो. इंग्रजीनं फक्त आपल्यासारख्यांची आणखी एक अडचण केली. मराठी वाक्यात कर्ता गायब असेल तर अप्पांना लगेच जाणवतं. इंग्रजीत तो गायब आहे, हे कळायला आधी इंग्रजी यावं लागतं. आणि ज्याला ते येतं, त्याला वाटतं की इंग्रजीत असंच लिहीत असतील.

शब्दांच्या मुळाशी गेलं तर दोन्ही भाषा पुन्हा एकाच जागी भेटतात. पेंडिंगचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ लटकणं. आपल्या विलंब आणि प्रलंबितमध्ये संस्कृत ‘लंब्’ आहे, त्याचाही अर्थ लटकणं. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना उशीर म्हणजे अधांतरी टांगलेली वस्तू वाटली. फक्त मराठीनं एक पाऊल पुढे जाऊन सांगितलं की तिथे टांगलेलं असतं काय. ‘जीव टांगणीला लागला.’ त्यांच्याकडे माझी फाइल पेंडिंग होती. ओसरीवर आई, अप्पा आणि मी, तिघांचे जीव टांगणीला होते. गोष्ट एकच, पण ती कोणत्या बाजूनं सांगितली यावर सगळं बदलतं.

•

टांगणीचा हिशेब पैशातही होतो.

शिक्षणासाठी चार लाखांचं कर्ज होतं. शैक्षणिक कर्जाला मोरॅटोरियम असतो, म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत आणि नंतर साधारण एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. हाही लॅटिनमधला उशिराचाच शब्द. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं आधी तीन महिने आणि मग आणखी तीन महिने मोरॅटोरियम दिला, तेव्हा तो घरोघरी पोहोचला. तेव्हाच लोकांना हेही कळलं की या सवलतीत हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. उशिराची परवानगी आहे, पण उशिराचं भाडं चालू आहे.

माझा मोरॅटोरियम जुलै २०२३ मध्ये संपला. साडेसहा हजारांचा पहिला हप्ता ऑगस्टमध्ये. जॉइनिंग अजून ऑन होल्ड. आणि तो ऑगस्ट म्हणजे हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. सोयाबीन फुलात होतं. फुलं गळाली.

त्या महिन्यात मी घरात बसून आकडे लिहून काढले होते. पीकविम्याच्या तेव्हाच्या निकषात पावसाचा सलग २१ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर नुकसानीचा विचार व्हायचा. म्हणजे पावसाची गैरहजेरी मोजली जायची. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँक खातं एनपीएत टाकते. म्हणजे अप्पांचा उशीर मोजला जातो. महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे, सरकारी बदल्यांचा आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करण्याचा. त्यात म्हटलंय की कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तो किती पाळला जातो हे तुम्ही कोणत्याही कचेरीत जाऊन बघू शकता. पण मला त्या वाक्यातला ‘कर्मचाऱ्याकडे’ हा शब्द फार आवडला. फाइल नुसती पेंडिंग नसते. ती कुणाकडे तरी पेंडिंग असते. कायद्यानं निदान विभक्ती प्रत्यय तरी लावला.

माझ्या उशिराला ना दिवस होते ना ‘कडे’.

लग्नाचं मात्र कुणी डिफर करायला तयार नव्हतं. आत्यानं तीन स्थळं आणली. पहिल्या दोघांना आईनं सांगितलं, “तिचं ऑनबोर्डिंग पेंडिंग आहे.” आईला या दोन्ही शब्दांचा नीट अर्थ माहीत नव्हता, पण त्यांचं वजन माहीत होतं. पाहुणे गप्प बसले. म्हणजे बघा, त्याच शब्दानं मला आतून कुरतडलं आणि बाहेरून माझं रक्षणही केलं. तिसऱ्या वेळी पाहुण्यांतला एक जण पुण्यात आयटीतच होता. तो हसला आणि म्हणाला, “आमच्याकडे पेंडिंग म्हणजे झालंच समजा, म्हणजे नाहीच.” त्या दिवशी आईचं ढाल धरलेलं मनगट खाली आलं.

•

कर्ता सापडला तर काय होतं, हे त्याआधी पुण्यानं एकदा पाहिलेलं होतं.

राज्यसेवा पूर्वपरीक्षा मुळात ५ एप्रिल २०२० ला होणार होती. कोविडमुळे ती अनेकदा पुढे गेली आणि शेवटी १४ मार्च २०२१ ला आली. ११ मार्चला, म्हणजे फक्त तीन दिवस आधी, ती पुन्हा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. तेव्हा पुण्यात हजारो पोरं रस्त्यावर उतरली. बहुतेक जण पेठांमधल्या कॉट बेसिसवर राहणारे, मेसचे पैसे मोजून देणारे, घरी ‘यंदा होईल’ असं सांगून आलेले.

त्या दिवशी कुणी ‘परीक्षा पोस्टपोन झाली’ म्हणत नव्हतं. सगळे ‘ढकलली’ म्हणत होते. मराठीत ‘ढकलली’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपसूक येतो, तोच अप्पांचा प्रश्न. तो प्रश्न रस्त्यावर मोठ्यानं विचारला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी २१ मार्च ही नवी तारीख जाहीर झाली. परीक्षा त्या तारखेला झालीही. नुसत्या क्रियापदानं हे घडलं असं मी म्हणत नाही, ते पोरांच्या संख्येनं घडलं. पण एवढी पोरं एका जागी आली, कारण आपलं दुर्दैव नाही, कुणाचा तरी निर्णय आहे, यावर त्यांचं एकमत होतं. आम्हा चाळीस जणांचं तेवढं एकमत कधी झालंच नाही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘वेटिंग फॉर जॉइनिंग’ असं होतं, रेल्वेच्या फलाटासारखं.

जाता जाता एक शब्द. प्रीपोन. पोस्टपोनच्या उलट, तारीख अलीकडे घेणं. तो भारतीय इंग्रजीतला म्हणून ओळखला जातो आणि आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. मला तो फार गोड वाटतो. इतकी वाट पाहणाऱ्या देशात कुणाला तरी वाटलं की गोष्टी वेळेच्या आधीही होऊ शकतात, आणि त्यासाठी शब्द हवा.

•

१२ ऑक्टोबर २०२३ ला शेवटचा मेल आला. १ ऑगस्ट २०२२ पासून ४३७ दिवस. ऑफर मागे घेतली होती. अर्थात ‘घेण्यात आली’ होती. पुढच्या प्रवासाला शुभेच्छा होत्या.

अप्पांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं झालं. नाही म्हनाले एकदाचे.” मला तेव्हा राग आला. आता वाटतं, त्या वर्षात कुणी बोललेलं सगळ्यात शहाणं वाक्य ते होतं. ‘नाही’ हा शब्द कितीही कडू असला तरी तो पुढची पेरणी करू देतो. पेंडिंग रान अडवून ठेवतं.

डिसेंबरमध्ये मी पुण्याला आले. आता बाणेरला एका छोट्या कंपनीत आहे, पंचवीस माणसं, पगार त्या पॅकेजपेक्षा कमी. हप्ते चालू आहेत. थकलेले तीन अप्पांनी तूर विकून भरले, ते मी त्यांना परत केले. लग्न मी स्वतः पुढं ढकललंय. हो, मी. आत्याला तसंच सांगितलं. तिला ते आवडलं नाही, पण निदान कुणावर रागवायचं हे तिला कळलं.

कामात उशीर आमच्याकडेही होतो. सॉफ्टवेअरमध्ये उशीर होणं म्हणजे पावसाळ्यात चिखल होणं. क्लायंटला मेल लिहायचे असतात, आणि साचा तयार असतो. ‘द डिलिव्हरेबल हॅज बीन डिलेड.’ पहिल्या आठवड्यात टीम लीडनं तो साचा मला पाठवला, वेळ वाचावा म्हणून, प्रेमानंच. मी त्यात दोन गोष्टी घातल्या. काम सध्या कुणाच्या टेबलावर आहे, आणि कोणत्या वारी मिळेल. ‘हे माझ्याकडे आहे, गुरुवारी संध्याकाळी देते.’ इंग्रजीतच, पण कर्त्यासकट.

टीम लीड म्हणाला, “असं लिहिलं तर गुरुवारी ते तुलाच विचारतील.”

म्हटलं, “हो, विचारू देत ना.”